वादळबाई आणि दातांचे डॉक्टर

आमची पहिली भेट झाली तेव्हा माझं तोंड उघडं होतं, आणि पुढचा बराच वेळ ते तसंच उघडं राहिलं.

काय करणार! आठवडाभर उजवीकडची दाढ ठणकत होती. गुळण्या करून झाल्या, डाव्या बाजूने चावून झालं, "थांबेल आपोआप" अशी स्वतःची समजूत घालून झाली. शेवटी त्या दिवशी ऑफिसात समुद्राचा नकाशा बघता बघता मी गाल धरून कळवळले, तेव्हा आमचे साहेब म्हणाले, "जा बाई एकदाची त्या डॉक्टरकडे. तुझा चेहरा बघून माझी दाढ दुखायला लागलीय."

दवाखाना आमच्या मागच्याच गल्लीत होता, चष्म्याच्या दुकानाच्या वरती. अरुंद जिना, एक बाक, आत ती कुप्रसिद्ध खुर्ची आणि खुर्चीशेजारी तो. मास्कमुळे त्याचे फक्त डोळे दिसत होते. आणि खरं सांगायचं तर… तेवढे पुरेसे होते.

पेशंटने घाबरू नये म्हणून अखंड बोलत राहायचं, ही त्याची पद्धत. भुलीचं इंजेक्शन देऊन झालं, माझ्या तोंडात कापूस, आरसा आणि एक नळी एवढा संसार मांडून झाला, आणि मग त्याने विषय काढला.

"तुम्ही हवामान खात्यावर विश्वास ठेवता? ठेवू नका."

"आं?"

"गेल्या महिन्यात समोरच्या बेटावर माझं शिबिर होतं. म्हाताऱ्या माणसांच्या कवळ्यांची मापं घ्यायची होती. खात्याने सांगितलं, चक्रीवादळाची शक्यता! लाँच बंद. मी घरी. आणि त्या दिवशी काय ऊन पडलं म्हणता! माझ्या आईने गाद्या वाळत घातल्या. गाद्या!"

"आं— आं—"

"दुखतंय? नाही ना? जरा मोठं उघडा… हां. तिकडे ती माणसं बिनदाताची बसली, इकडे आम्ही गाद्या उलट्यापालट्या करतोय. माझा तर पक्का अंदाज आहे, ही खात्यातली मंडळी एसीत बसून नाणं उडवतात."

"आं! आं!" मी खुर्चीचा हात थोपटला.

"झालंच हं. चूळ भरा."

मी चूळ भरली, ताठ बसले आणि जमेल तेवढा करारी चेहरा केला. पण ओठ माझे राहिले नव्हते. "तो इफारा," मी म्हटलं, "फी दिला होता."

"फी? फीचं काय, नंतर. बाहेर काउंटरवर."

"फी नाही! फी!" मी छातीवर हात आपटला. "फी! फी हवाफान खात्यात आहे!"

तो हातातला छोटा आरसा पुसत राहिला. स्वच्छ होता तरी पुसत राहिला.

"म्हणजे… नाणं उडवणाऱ्या…"

"फीच."

त्याने मास्क खाली ओढला. कान लाल झाले होते. "पुढच्या आठवड्यात परत यावं लागेल," तो पडेल आवाजात म्हणाला. "रूट कॅनाल आहे. तेव्हा… तुम्ही बोला. मी ऐकतो."

मी जिना उतरले तेव्हा निम्मा चेहरा बधिर होता. उरलेला निम्मा हसत होता.

पुढच्या आठवड्यात त्याने शब्द पाळला. इंजेक्शन ट्रेमध्ये ठेवलं, स्टूल ओढून समोर बसला आणि म्हणाला, "भूल द्यायच्या आधी जेवढा हवा तेवढा वेळ तुमचा. करा सुरुवात."

मी घरून तयारी करूनच गेले होते. "आम्ही म्हटलं होतं, चाळीस टक्के शक्यता. चाळीस टक्के म्हणजे 'येणार' असं नाही."

"मग 'नाही येणार'?"

"तसंही नाही."

"बघा! मग लाँचवाल्याने करायचं काय?"

"माझी दाढ वाचेल का?" मी विचारलं.

"बहुतेक वाचेल."

"बहुतेक म्हणजे?"

"अशा दहा दाढांतल्या आठ वाचतात."

"माझी त्या आठात की उरलेल्या दोघींत?"

"आता ते आत उतरल्याशिवाय कसं सां—" तो थांबला. माझ्याकडे बघत राहिला. डोळ्यांच्या कडांना बारीक सुरकुत्या पडल्या, म्हणजे मास्कमागे तो हसत होता. "पकडलंत."

"मी अजून खूप तयारी केली होती."

"ती पुढच्या वेळी. आता आ करा, वादळबाई."

वादळबाई! घरीदारी मला कुणी असं नाव ठेवलं असतं तर मी भांडले असते. पण तोंडात कापूस होता. हे आपलं माझं कारण.

मग एका दुपारी तोच आमच्या ऑफिसात आला. दारात उभा राहून म्हणाला, "नाणं बघायला आलोय."

साहेबांनी त्याला ओळखलं मात्र, हातातला चहाचा कप तोंडासमोर धरून ते जे आतल्या खोलीत गेले ते बाहेरच आले नाहीत. साहेबांचे दोन दात किडलेत हे सगळ्या ऑफिसला माहीत होतं. डॉक्टरांनी ओळखू नये एवढीच त्यांची इच्छा.

मी त्याला माझा पडदा दाखवला. समुद्राचा नकाशा आणि त्यावर सुतासारख्या रेघांचा गुंता.

"हे एकच वादळ आहे," मी सांगायला लागले. "मागच्या वर्षीचं. समुद्र किती तापलाय, वारा कुठून वाहतोय, हे आपल्याला कधीच पुरतं माहीत नसतं. म्हणून संगणकात तेच वादळ पन्नास वेळा सोडतो. प्रत्येक वेळी सुरुवात किंचित वेगळी. मग पन्नास रेघा येतात. त्यातल्या वीस आपल्या किनाऱ्याकडे आल्या तर म्हणायचं, चाळीस टक्के."

"आणि त्यातली खरी रेघ कुठली?"

"कदाचित एकही नाही. खरं वादळ त्यांच्यामधून स्वतःची वाट काढतं."

"मग राग नाही येत? एवढं सगळं करून?"

"येतो. गाद्या वाळत घालणाऱ्यांचा जास्त येतो."

तो मोठ्याने हसला. आतल्या खोलीतून साहेबांच्या खोकण्याचा आवाज आला.

"मला आवडतं पण हे," मी म्हटलं. का कोण जाणे, त्याला सांगावंसं वाटलं. "समुद्रावर नुसता ढगांचा पुंजका असतो. कुणाच्या गावीही नसतो. आणि मी इथे बसून त्याच्याकडे रोज बघत असते… आज जरा गोल झाला, आज जरा रुसला, आज पार विस्कटला. बहुतेक विस्कटतातच. पण एखादा हट्टी निघतो."

बोलून वर बघितलं तर तो नकाशाकडे बघतच नव्हता.

"काय झालं?" मी विचारलं.

"काही नाही," तो म्हणाला. "दाढ कशी आहे?"

दाढ छान होती. तिच्यावर टोपी बसली होती. तरी ती एकदा "सहज बघून घेतलेली बरी" असं डॉक्टरांचं मत पडलं. मग एकदा "चावताना वर लागत नाही ना" हे बघायचं राहिलं. मग टोपी घासायला जावं लागलं. आईने एका संध्याकाळी भाजी निवडता निवडता विचारलं, "दाढ एकच होती ना गं?"

"हो."

"मला वाटलं, सगळीच बत्तीशी बदलतेस की काय."

मी पाणी प्यायला आत गेले. तहान नव्हती.

आणि अशात समुद्रावर एक पुंजका गोल व्हायला लागला.

शनिवारी डॉक्टर ऑफिसात आला तो मोठी पेटी घेऊनच. हुकलेलं शिबिर त्याने मधल्या काळात उरकलं होतं, आणि बेटावरच्या कवळ्या तयार झाल्या होत्या. "सगळे माझ्या नावाने बोटं मोडतायत," तो म्हणाला. "एक आजी तर रोज फोन करतात. म्हणतात, भाकरी पाण्यात बुडवून खायची किती दिवस? सांगा, सोमवारी जाऊ?"

"पुढच्या आठवड्याच्या शेवटी वादळ बेटाजवळून जाण्याची शक्यता तीस टक्के आहे."

"ते मी सकाळी बातम्यांत ऐकलं. मी तुम्हाला विचारतोय. तुम्ही गेला असतात?"

हा प्रश्न आम्हाला कुणी विचारत नाही. लोक विचारतात, येणार का? आम्ही सांगतो आकडा. पुढचं त्यांचं त्यांनी ठरवायचं. मी पडद्याकडे बघितलं, त्याच्याकडे बघितलं, परत पडद्याकडे बघितलं.

"मी… सोमवारी गेले असते," मी म्हटलं. "आणि बुधवारी सकाळच्या लाँचने परत आले असते. गुरुवारची वाट बघितली नसती."

"ठरलं तर. बुधवारी सकाळी."

"मी सांगितलं म्हणून नका जाऊ हं."

"छे! आजींनी सांगितलं म्हणून जातोय," तो म्हणाला. "परत मात्र तुम्ही सांगितलं म्हणून येईन."

तो गेल्यावर मी एकच ओळ तीनदा वाचली. तरी समजली नाही.

मंगळवारी सकाळी ऑफिसात पाऊल टाकलं आणि पर्स खांद्यावर असतानाच पडद्यासमोर बसले. पुंजक्याला हट्ट चढला होता. समुद्र आम्ही धरला होता त्याहून जास्त तापलेला निघाला. वादळाने वेग घेतला होता आणि तोंड आमच्याकडे वळवलं होतं. शनिवारी गुंत्यासारख्या दिसणाऱ्या रेघा आता वेणी घातल्यासारख्या एकत्र येत होत्या, आणि ती वेणी बेटावरून जात होती. तीही आठवड्याच्या शेवटी नव्हे, उद्याच. लाटा तर आत्ताच वाढल्या होत्या. बंदराने सकाळपासून लाँच बंद केल्या होत्या.

मी आकडा काढला. सत्तर टक्के. पुन्हा काढला. सत्तरच. मग मात्र मी उठून साहेबांच्या टेबलाशी गेले.

"साहेब, हे तुम्ही एकदा बघाल? मला आज माझा भरवसा वाटत नाही."

"का गं?"

"बेटावर माझं… एक माणूस आहे. त्याच्या काळजीने मी आकडा फुगवतेय का, ते कळत नाहीये."

"कोण माणूस?"

"दातांचे डॉक्टर."

साहेबांचा हात आपसूक गालाकडे गेला. पण ते हसले नाहीत. चष्मा लावून त्यांनी एकेक रेघ बघितली, उपग्रहाची चित्रं मागेपुढे केली, दोन फोन केले. मी उभीच होते.

"फुगवलेला नाही," ते शेवटी म्हणाले. "मी असतो तर हाच आकडा दिला असता. पाठव इशारा." आणि मी वळल्यावर म्हणाले, "बेटावर फोनही कर. खात्यातर्फे."

फोन डॉक्टरने पहिल्याच घंटीला उचलला. मागे माणसांचा गलका होता. मी भराभर सांगितलं: शक्यता सत्तर टक्के, उद्या सकाळपासून जोराचा वारा, दुपारी सगळ्यात जास्त, किनाऱ्यालगतच्या सगळ्या घरांनी आजच टेकडीवरच्या शाळेत जायचं.

"सरपंचांना इशारा मिळालाय," तो म्हणाला. "पण कुणी हलायला तयार नाही. थांबा, मी फोन सगळ्यांना ऐकू जाईल असा ठेवतो. तुम्हीच सांगा."

मी पुन्हा सांगितलं. पलीकडून एक खणखणीत म्हातारा आवाज आला, "मागल्या खेपेला पण हेच सांगितलं होतंत! पाऊस नाही नि पाणी नाही. आम्ही नाही हलणार जा."

मी काही बोलायच्या आत डॉक्टरचा आवाज आला. "आजी, मागच्या महिन्यात मीपण हेच म्हणालो होतो. हिच्या तोंडावर म्हणालो. हिचं तोंड तेव्हा मीच उघडं धरलं होतं, म्हणून वाचलो."

कुणीतरी हसलं.

"मग मी हिच्या ऑफिसात जाऊन बघून आलो. नाणं नाहीये हो तिथे! हेच वादळ पन्नास वेळा सोडून बघतात. त्यातलं पस्तीस वेळा ते तुमच्या दारावरून जातंय. पंधरा वेळा जातंय बाजूने, कबूल. तसं झालं तर परवा मला हव्या तेवढ्या शिव्या घाला. नवे दात दिलेत, शब्द अगदी स्पष्ट येतील. पण आता चला!"

मग तोच खणखणीत आवाज म्हणाला, "माझी कोंबडी कोण घेणार?"

"मी घेतो."

"दोन आहेत."

"दोन्ही घेतो! चला!"

मी डोळे पुसले, कुणी बघत नव्हतं म्हणून. मग लोकांचा गलका लांब गेला आणि त्याचा आवाज एकदम जवळ आला. "झालं बघा. निघाले."

"डॉक्टर… तुम्हीपण वर जा. सगळ्यांना पाठवून मागे राहू नका."

"हा खात्याचा इशारा आहे?"

मी खिडकीबाहेर बघितलं. आभाळ पितळी रंगाचं झालं होतं.

"नाही," मी म्हटलं. "हा माझा आहे."

"मग जायलाच हवं," तो म्हणाला.

बुधवारी वादळ आलं. त्या पस्तीसांतलंच आलं. आमच्याकडेही रस्त्यावरून पत्रे पतंगासारखे उडत होते, ऑफिसचं छत गळत होतं, खाली बादली ठेवून आम्ही काम करत होतो. दर तासाला नवा इशारा, नवा नकाशा. भर दुपारी बेटावरचा मोबाईलचा टॉवर गेला. डॉक्टरचा नंबर लावला की एक बाई अत्यंत गोड आवाजात सांगायची की तो उपलब्ध नाही. त्या बाईचा मला इतका राग कधी आला नव्हता.

माझ्या फोनवर आला तो आईचा फोन. "कपडे आत घेतलेत, खिडक्या लावल्यात. तू जेवलीस का? आणि त्याचा काही फोन?"

"कुणाचा?"

"माझ्यापुढे हुशारी नको करूस. आला का?"

"नाही गं आई," मी म्हटलं.

"येईल हो," आई म्हणाली. तिच्याजवळ ना उपग्रह होता ना संगणक. तरी मला तिचा आधार वाटला.

चार वाजता वारा उतरायला लागला. अंधार पडायच्या आधी बंदरातून वायरलेसवर निरोप आला: बेटावर खालच्या आळीतली घरं उघडी पडलीत, होड्या फुटल्यात, माणसं सगळी सुखरूप. मी टेबलावर डोकं टेकलं. साहेबांनी माझ्यापुढे चहा ठेवला, आणि जाता जाता म्हणाले, "मीपण येईन म्हणतो त्याच्याकडे. दात दाखवायला."

शुक्रवारी पहिली लाँच सुटली. मी धक्क्यावर उभी होते. इतकी वर्षं समुद्राकडे वरून, उपग्रहाच्या डोळ्यांनी बघत आले. त्याचा वास इतका खारट असतो हे विसरलेच होते.

लाँच लागली. सगळ्यात आधी उतरल्या त्या एक ठेंगण्या आजी, कडेवर टोपली, टोपलीतून दोन कोंबड्यांची मुंडकी बाहेर. मुलीकडे राहायला निघाल्या होत्या, घराला छप्पर नव्हतं म्हणून. माझी नजर मागे कुणाला तरी शोधतेय हे बघून त्या थबकल्या. मग मागे वळून आख्ख्या धक्क्याला ऐकू जाईल अशा आवाजात ओरडल्या, "डॉक्टर! फोनवर बोलताना लाल होत होतास, ती हीच का?"

पांढरेशुभ्र नवे दात दाखवत त्या हसल्या आणि पुढे गेल्या.

त्यांच्या मागे तो. दाढी वाढलेली, शर्टाला चिखल, एक बाही फाटलेली. मला बघून उतरायचं विसरला. मागच्या माणसाने ढकललं तेव्हा उतरला.

"तुम्ही? इथे?"

"लाँच वेळेवर येतेय का, बघत होते."

"येतेय?"

"उशिरा आली," मी म्हटलं. "दोन दिवस उशिरा."

आम्ही दोघंही हसलो. त्याने केसांतून हात फिरवला.

"फोन बंद पडला ना," तो म्हणाला, "तरी मी तुमच्याशी बोलतच होतो. मनातल्या मनात. खिडकीशी उभा राहून सांगत होतो… आता पाऊस आडवा लागतोय. आता आंबट तोंडाचे आजोबा देवाचं नाव घ्यायला लागले. वाटायचं, हे तिला सांगायला हवं, तेपण तिला सांगायला हवं. दुपारी तर वारा एकदम पडला. अगदी चिडीचूप. आणि मग उलट्या बाजूने सुटला. तेव्हा माझ्या लक्षात आलं की मी तुमच्या प्रेमात—"

"थांबा! वारा पडला? पूर्ण पडला?"

"हो… थोडा वेळ."

"आणि उलट्या बाजूने सुटला? म्हणजे केंद्र थेट तुमच्या डोक्यावरून गेलं! आमच्या नकाशात ते जरासं बाजूने दाखवतंय. किती वेळ पडला होता? आभाळ उघडलं होतं का?"

तो माझ्याकडे बघतच राहिला. "अहो, मी इथे प्रेमात पडल्याचं सांगतोय, आणि तुम्ही केंद्र शोधताय!"

"हो, पण केंद्र जर—" मी थांबले. कानांपासून मानेपर्यंत गरम झालं. "काय म्हणालात?"

"की थोडा वेळ ऊनही पडलं."

"त्याच्या आधी."

"त्याच्या आधी म्हटलं ते तुम्ही नीट ऐकलंय," तो हळूच म्हणाला. "आता तुम्ही बोला. मी ऐकतो."

धक्क्यावर दोरखंडांचा, हमालांचा, गळाभेटींचा नुसता गोंधळ होता. माझ्या मनात वाक्यं होती, चांगली जमवून आणलेली. ती सगळी बाजूला राहिली.

"चल," मी म्हटलं. "घरी चल आधी. आई जेवायला थांबलीय… तुझ्यासाठी."

तो दोन पावलं चालला आणि जागच्या जागी उभा राहिला.

"काय म्हणालीस?"

"ऐकलंस की," मी म्हटलं, आणि त्याचा हात धरून गर्दीतून वाट काढायला लागले.